कपडेपट ठेवू की विकू? आणि तिच्या बाबांना काय सांगू?

पडद्यामागचा

नमस्कार मंडळी. एकच प्रश्न विचारायला बसलो होतो, लिहिता लिहिता तीन झाले. एक पैशांचा, एक प्रेमाचा, एक कपड्यांचा. तिन्ही एकमेकांत असे अडकलेत की वेगळे टाकून उपयोग नाही.

आमच्या घरी नाटकाचा कपडेपट आहे, गोव्यात, फोंडा तालुक्यात. नाटकांना कपडे भाड्याने देतो. बाबांनी उभा केला. पौराणिक आणि ऐतिहासिक, दोन्ही: अंगरखे, शालू, पीतांबर, शेले, जिरेटोप, मुकुट, गदा, दाढ्या-मिशा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते. पावसात त्याच ओसरीवर पेट्या उघडून बुरशी पुसत बसायचे. आई मशीनवर असते. बहीण लग्न होऊन काणकोणला गेली. बाबांना आता पेट्या उचलवत नाहीत, जागरणेही झेपत नाहीत, त्यामुळे सगळे माझ्याकडे आलेय. मी डिप्लोमा करून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर आहे. कंत्राट वाढणार की नाही ते शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही.

आता पैसे. जत्रेतली नाटके गावची मंडळी स्वतः वर्गणी काढून करतात. पडदे, लाइट, संगीत, बाहेरून आणलेल्या स्त्री-कलाकारांचे मानधन हे सगळे आधी द्यावे लागते. कपडेपटाचे 'मग बघू'. ते 'मग' कधीकधी पुढच्या जत्रेला उजाडते.

प्रेम. मुलगी डिचोलीकडची, म्हापशाला एका लॅबमध्ये कामाला. आमचे ठरलेय, दोन्ही घरी सांगूनही झालेय. तिची आई राजी आहे. बाबा म्हणतात, सरकारी नोकरी लागू दे, मग या. मला म्हणाले, "लोकांना राजाचे कपडे भाड्याने देतोस, तुझे स्वतःचे काय?" मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही.

कपडे. दिग्दर्शकांना आता सगळे नवे हवे. "गेल्या वर्षी शेजारच्या वाड्यावर हाच शालू होता, फेसबुकवर फोटो आहे" असे तोंडावर सांगतात. मावसभाऊ म्हणतो, जुने काढून टाक आणि मुंबईहून तयार चकचकीत सेट आण. त्याला कर्ज लागेल. त्यात किनाऱ्याकडच्या एका रिसॉर्टवाल्याने जुने शालू भिंतीवर टांगायला मागितलेत, पैसे बरे देतो म्हणतो. हा विषय काढला की बाबा उठून आत जातात.

काय करू?

खाजन

सरळ सांगतो, राग मानू नकोस. सरकारी नोकरी बघ. कपडेपट हौस म्हणून ठेव, रविवारी. गोव्यात मुलगा पंचायतीत कारकून असला तरी लोक पेढे घेऊन येतात, आणि स्वतःचा धंदा करतो म्हटले की विचारतात, 'पण काम काय करतो?' हे बरोबर नाही, पण आहे.

फक्त एक लक्षात ठेव. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर त्याच्या सावलीलाही उभा राहू नकोस. २०२४ मध्ये अशी प्रकरणे बाहेर आली, अटका झाल्या, आणि ज्यांनी दागिने मोडून पैसे दिले होते ते पोलीस स्टेशनच्या बाहेर रांगेत.

तिसरी घंटा

कपड्यांपासून सुरू करते, कारण त्यातले मला कळते. बाकीच्यावरही बोलणार आहे, कळो न कळो.

मी जन्मभर नाटकाचेच कपडे शिवले. मार्दोळ-बांदोड्याच्या बाजूला माझ्या हातचा अंगरखा घातला नाही असा जुना नट सापडायचा नाही, आणि त्यातल्या निम्म्यांनी शिलाईचे पैसे अर्धे दिलेत, तेव्हा तुझे 'मग बघू' मला पाठ आहे.

चकचकीत सेट घेऊ नकोस. ते पॉलिस्टरचे ब्रोकेड पेटीतून काढताना डोळे दिपवते. मग ते चढते जत्रेच्या मंडपात, माणसाच्या अंगावर, डोक्यावर दिवे, आणि प्रयोग पहाटेपर्यंत. दुसऱ्या अंकात श्रीकृष्णाला विंगेत वारा घालायला माणूस लागतो. घाम जिरत नाही, रंगाचे तेल गळ्याला बसते आणि तो डाग त्या कापडातून जन्मात निघत नाही. शिवाय आत माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेले जास्तीचे कापड, नसते. कारखान्यात अर्ध्या बोटावर शिलाई मारून मोकळे होतात. यंदाचा दुर्योधन किडकिडीत, पुढच्या वर्षीचा दुर्योधन बँकेत मॅनेजर झालेला. उसवून सैल करता येत नसेल तर भाड्याच्या धंद्यात त्या कपड्याला घरी ठेवण्यात अर्थ नाही. तुझ्या आईला विचार, ती हेच सांगेल. तिला कोणी विचारलेय का, हाही प्रश्न आहेच.

'नवे हवे' म्हणतात त्यांना नवे दे, पण शालू तोच ठेव आणि काठ बदल. फोटोत डोळा जातो काठावर, शेल्यावर आणि कमरपट्ट्यावर. जुने काठ उसवून दुसऱ्या रंगाच्या अंगावर चढव, शेले वेगळे शिव, अंगरख्याला गळपट्टी अशी लाव की ती टाचे (कच्चे टाके) काढून एकटी धुता येईल. त्याने अंगरखा वर्षानुवर्षे टिकतो, कारण खराब होतो तो गळा आणि काख, बाकी कापड तसेच्या तसे असते. आणि वही ठेव. कुठला शालू कुठल्या वाड्यावर कधी गेला. मग 'फेसबुकवर फोटो आहे' म्हणायची पाळी कोणावर येणार नाही. लाल रंग घेताना लाइटवाल्याला विचारून घे, निळ्या प्रकाशात लाल काळा दिसतो आणि आपल्याकडे वनवास, स्वप्न, मरण सगळे निळ्यातच करतात.

रिसॉर्टवाल्याला फाटलेले दे, ज्याचा काठही कामाचा उरला नाही असे. पण आधी सोनाराला काठाचा तुकडा दाखव. खरी जर असेल तर आत चांदीची तार असते, आणि मग तो भाव शालूचा राहत नाही. भिंतीवर टांगायला म्हणून मातीच्या मोलाने देऊन बसशील. बाबा आत का जातात ते मला कळते. त्यातला एखादा शालू त्यांनी कर्ज काढून आणलेला असणार.

(पेट्यांचे: तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात लोखंडी पेटीत कापड उघडे ठेवू नये, गंज उतरतो. जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यात गुंडाळ. डांबराच्या गोळ्या जरीला टेकवू नकोस, जर काळी पडते. ऊन द्यायचे ते पेटीला, रेशमाला सावलीतला वारा पुरे.)

आता हिशेब. समज, एक दरबारी अंगरखा शिवायला ५,००० लागले आणि रात्रीचे भाडे ३०० मिळते. तू म्हणशील, सतरा रात्रींत पैसे सुटले. नाही सुटले. प्रत्येक रात्रीमागे धुणे, इस्त्री, तुटलेले हूक आणि टेम्पो यांचे १०० धर, हातात उरले २००. म्हणजे पंचवीस रात्री. राजाचा अंगरखा दोन हंगामांत पंचवीस वेळा बाहेर जाईल. विश्वामित्राची वल्कले जाणार नाहीत. ज्याच्या रात्री भरत नाहीत ते नवे शिवू नकोस, मागितले तर दुसऱ्या कपडेपटाकडून आण आणि वर तुझे चार पैसे काढ. आगाऊ निम्मे मापे घेताना, उरलेले पेटी टेम्पोत चढायच्या आधी. भांडायला लाजू नकोस. रंगभूषाकार पैसे मिळाल्याशिवाय ब्रश भिजवत नाही, त्याला कोणी कंजूस म्हणत नाही.

आणि फक्त जत्रांवर बसू नकोस. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री गावोगावी कृष्णाच्या वेशभूषा स्पर्धा असतात, त्याला लहान मापाचे मुकुट-पीतांबर लागतात आणि ते कोणाकडे धड नसतात. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलने. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, त्या दिवशी गोव्यातले सगळे मावळे एकाच वेळी कपडे मागतात. मग होळीच्या वेळचा शिगमो, मिरवणुकीतली वेशभूषा आणि चित्ररथ. फुगडी-धालोच्या बायकांना हल्ली खरी विणलेली कुणबी साडी हवी असते, छापील चौकडी नको. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी पुन्हा चालती केली त्याचा हा परिणाम, आणि मला तो आवडतो. एक संच विणकराकडचा करून ठेव. वैशाखात शिरगावची लईराईची जत्रा झाली की हंगाम उतरतो, पुढचे पावसाचे महिने शिवायचे. म्हणजे वर्षात पैसा येत नाही असे चारच महिने उरतात, आणि तेही आधी माहीत असलेले.

हे 'आधी माहीत असलेले' तिच्या बाबांसाठी आहे.

तू त्यांच्यावर रागावलेला दिसतोस. डिचोलीचा माणूस आहे ना? तो खाणींचा पट्टा. त्यांच्या घरी किंवा शेजारी खनिजाचा ट्रक होता का, विचार. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी बंद केल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही खाणकाम थांबवले. दीड वर्षाने, २०१४ च्या एप्रिलमध्ये बंदी उठली ती वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेवर. लोक परत उभे राहत होते, तोवर २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीजचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून सगळे पुन्हा ठप्प. खाणी चुकीच्या चालल्या होत्या यात मला शंका नाही, आमच्याकडे नद्या लाल वाहिलेल्या मी बघितल्यात. पण ज्याने कर्जावर टिपर घेतला त्याचे हप्ते काही न्यायालयाने थांबवले नव्हते. त्या पट्ट्यात ज्या घरी एक सरकारी पगार होता ते घर त्या दोन्ही वेळा तगले. हे ज्याने अंगणात उभ्या ट्रकवर वेली चढताना बघितलेय, त्याला तू 'हंगामाचा धंदा' म्हणून सांगायला गेलास तर तो दुसरे काय म्हणणार? त्यांना तुझी कमाई किती याचे देणेघेणे कमी आहे. कुठल्या तारखेला येते, आणि एखाद्या वर्षी एकदम बंद पडेल का, हे त्यांना हवे आहे. खाणीसारखा तुझा धंदा एका सहीने बंद पडत नाही. महामारीत पडला होता, ते लपवू नकोस, तेव्हा कसे भागवले तेही सांग.

तर वही घेऊन जा. मागच्या हंगामाचे भाडे, खर्च, बुडीत, महिन्यावार. फुगवू नकोस. बुडीत रकान्यात जे आहे ते तसेच दाखव, कारण तो माणूस आकडे वाचणारा आहे, ट्रकवाले सगळे असतात. कंत्राटी नोकरी एवढ्यात सोडू नकोस. दोन्ही मिळून काय होते ते दाखव. आणि राजाच्या कपड्यांचा टोमणा मनाला लावून घेऊ नकोस. मी तर त्यांना पहिल्या रांगेची दोन तिकिटे देईन. जत्रेला तिकीट नसते, पण खुर्ची राखून ठेवता येते.

शेवटचे. तुझ्या सगळ्या मजकुरात ती मुलगी काय म्हणते याचे एक वाक्य नाही. तिचे बाबा आहेत, तुझे बाबा आहेत, मावसभाऊ आहे, रिसॉर्टवालाही आहे. तिला रात्री तीन वाजता ओसरीवर घामट अंगरखे मोजायला आवडणार आहे का? नसेल आवडणार तर तेही ठीकच, पण आधी विचार.

अबोली

काकी, शेवटचे दोन परिच्छेद मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवले.

माझे सासर डेकोरेशनचे. लग्नाआधी मला कोणी सांगितले नव्हते की चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस घरात जेवण उभ्यानेच असते. वाईट काही नाही, पण सांगायला हवे होते. तुझी ती लॅबमध्ये आहे, तिचा पगार दर महिन्याला येतो. सगळे तुझ्या नोकरीवर बोलताहेत आणि घरातला ठरलेला पगार तिचाच असणार आहे, हे तिच्या बाबांना दिसतेय का? कदाचित दिसतेय आणि म्हणूनच भीती आहे, की तिचा पगार तुझ्या शालूंमध्ये जाईल. ते स्वच्छ बोला. तिचा पगार घरखर्चाला किती, तिचा तिच्याकडे किती, आणि कपडेपटाला शून्य. निदान पहिली काही वर्षे.

आणि ती म्हापशाहून रोज फोंड्याला येणार की तू तिकडे? बसने जाऊन बघ एकदा. प्रेमाचा खरा प्रश्न गोव्यात कदंब बसच्या वेळापत्रकात असतो.

घुमट

सगळे भावनेवर चाललेय, म्हणून कचेरीतले दोन शब्द. मी नोंदणीच्या कामात बरीच वर्षे काढली.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासूनची पद्धत चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, निम्मी-निम्मी, आणि त्यात वारशाने येणारीही धरली जाते. म्हणजे कपडेपट उद्या तुझ्याकडे आला तर त्यात तिचा निम्मा वाटा. तिच्या वडिलांना हे माहीत असणारच, तरी आठवण करून दे, मुलगी 'कपडे भाड्याने देणाऱ्याकडे' जात नाही, निम्म्या धंद्याची मालकीण होते. उलट बाजूही ऐक. धंद्यावर संसारासाठी कर्ज काढलेस तर तिच्याही डोक्यावर येते. म्हणून मावसभावाचे ऐकून सेटसाठी मोठे कर्ज घेणार असशील तर ते तिला विचारून घे.

आणि काणकोणची बहीण. आपल्याकडे मुलीचा वाटा मुलाएवढाच, बाबा मृत्युपत्राने स्वतःच्या वाट्यातल्या निम्म्याच संपत्तीचे मनाप्रमाणे करू शकतात. पेट्यांवर तू मेहनत करशील आणि उद्या वाटणीत त्या मोजल्या जातील, तेव्हा आत्ताच तिघांनी बसून ठरवा. वकिलाकडे एकदा जा. कडू वाटते, पण इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या, खटल्यात तांब्या-पितळेची भांडी मोजताना भावंडे बघितलीत मी.

आपल्याकडे लग्नाच्या नोंदणीला दोन सह्या लागतात. पहिली सही झाली की हॉल बघायला धावू नका, दुसऱ्या सहीपर्यंत मध्ये दिवस जातात.

कर्जाचे म्हणशील तर आईच्या नावाने विश्वकर्मा योजनेत बघ. दर्जी त्या १८ व्यवसायांत आहे. अवजारांना १५,००० पर्यंत, आणि पहिले कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने. गंमत अशी की घरात कोणी सरकारी नोकर असला तर त्याच्या कुटुंबाला ती योजना मिळत नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुले. तेव्हा खाजनभाऊंच्या सल्ल्याने तू आत्ताच, लग्नाआधी, कारकून झालास तर आईचा अर्ज गेला.

खाजन

घुमटकाका, आता सरकारी नोकरीही धोक्याची झाली म्हणायची!

तरी माझे मत तेच. वही-बिही ठीक आहे, पण हंगामाच्या आधी नाट्यमंडळी बदलतात, तरुण पोरे तालमीला येत नाहीत, मोबाईलवर बसतात. वीस वर्षांनी किती वाडे नाटक करत असतील?

तिसरी घंटा

खाजन, हे माझ्या सासऱ्यांनीही म्हटले होते, रंगीत टीव्ही आला तेव्हा. माघी पौर्णिमेला मंगेशीला ये आणि गर्दी बघून मग लिही. वाडे कमी होतील, हे खरे. पण कमी झाले तर कपडेपटही कमी होतात, आणि जो उरतो त्याच्याकडे सगळे येतात. त्याने उरणारा व्हावे की नाही एवढाच प्रश्न आहे. ते मला सांगता येणार नाही, त्याच्या गुडघ्यांना विचारा.

पडद्यामागचा

सगळ्यांचे आभार. काकी, तिला विचारले. ती म्हणाली, "रात्री तीन वाजता मी मोजणार नाही, पण वही मी लिहीन, तुझे अक्षर कोणाला वाचता येत नाही." वहीत महिन्यावार रकाने तिनेच पाडलेत. बुडीतचा रकाना तिने लाल शाईने केला, तो जरा जास्तच भरलाय.

आईला विचारले. आई म्हणाली, पॉलिस्टर घरात आणलेस तर मशीन विकून टाकीन. तो विषय संपला. विश्वकर्माचे कागद ती स्वतः घेऊन जाणार आहे.

ट्रकचेही खरे निघाले. दोन होते. एक विकला, एक अजून घराच्या मागे आहे. हे तिने मला आधी कधी सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते.

सोनाराकडे दोन शालूंचे तुकडे नेले. एक खरा निघाला. बाबांना सांगितले तर म्हणाले, मला माहीत होते. रिसॉर्टवाल्याला नाही कळवले, फाटके दोन द्यायचे बघतो.

तिच्या बाबांकडे दिवाळीनंतर जाणार आहे. गळपट्टीचे एक विचारायचे होते: टाचे किती अंतरावर घालू? आई म्हणते चार बोटे, मला वाटते त्याने गळा उघडा पडेल.

तिसरी घंटा

आईचे ऐक. पण मानेच्या मागे दोन बोटे घाल, तिथे घाम जास्त. आणि दोरा सुती घे, नायलॉनचा नको, उसवताना कापड फाडतो.

अबोली

आमच्या वाड्यावर नरकासुराच्या रात्री सहा वर्षांखालच्या मुलांची कृष्ण स्पर्धा आहे. लहान पीतांबर आहेत का रे तुमच्याकडे? आगाऊ निम्मे देते.